गाव सोडण्याआधीचा दिवस कोणाचा?

जून-जुलै महिना आला की तालुक्याच्या एस.टी. स्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. नवी कोरी बॅग, दोरीने बांधलेली वळकटी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि लाडवांचा डबा, शेजारी वडील किंवा मामा, आणि मध्ये बावरून उभा असलेला एक मुलगा किंवा मुलगी. महाविद्यालयात शिकायला निघालेले हे मूल त्या घरातले बहुधा पहिलेच असते. त्याच्या हातात कागदांची फाइल असते आणि ती हरवू नये म्हणून घरातले सगळे त्याला दहा वेळा बजावत असतात.

या मुलामुलींनी गावातला आदला दिवस कसा घालवला असेल, असा प्रश्न माझ्या मनात आला, म्हणून मी आमच्या वसतिगृहातल्या मुलींना विचारले. कोणी म्हणाली, दिवस झेरॉक्सच्या दुकानात गेला. कोणी म्हणाली, आत्याकडे, मावशीकडे, कुलदैवताला, शेवटी मोठ्या काकांच्या पाया पडायला. एकीचा ग्रामपंचायतीत सत्कार होता. शाल, नारळ आणि तीन भाषणे. 'आणि मैत्रीण?' असे विचारल्यावर मात्र बहुतेकींचे उत्तर एकच आले. 'ती स्टँडवर आली होती की, पाच मिनिटं.'

या पाच मिनिटांबद्दल मला लिहायचे आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, गाव सोडण्याआधीचा सबंध दिवस मागे राहणाऱ्या मित्राचा किंवा मैत्रिणीचा असला पाहिजे. तो सत्काराचा नसावा, बाजारहाटाचा नसावा आणि निरोपाच्या रडारडीचा तर मुळीच नसावा. तो तिच्या कामात, तिच्या शेजारी बसून घालवावा. ही केवळ भावनेची गोष्ट आहे असे वरवर वाटेल. परंतु मी तिला हिशेबाची गोष्ट मानते. का, ते सांगते.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की निम्मे गाव रिकामे होते. माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पावसाळ्यातच मुकादमाकडून 'उचल' घ्यायची आणि हंगामभर तोड करून ती फेडायची, असा हा व्यवहार आहे. माझी मैत्रीण अशाच घरातली. तिचे नाव येथे लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही. आमचे घरही पूर्वी तोडीला जात असे. पुढे आमच्या विहिरीला पाणी लागले आणि वडिलांनी कोयता सोडला. त्यांच्या विहिरीला पाणी लागले नाही. आम्हां दोघींच्या आयुष्यात फरक पडला तो एवढाच, आणि तो जमिनीखाली पन्नास फुटांवर ठरला.

पहिली ते दहावी आम्ही एका बाकावर बसलो. बसलो म्हणजे, ती गावात असेल तेव्हा. लहानपणी निम्मे वर्ष ती आईवडिलांबरोबर कारखान्याच्या रानात कोपीवर असे. पुढे आजीजवळ राहून तिने शाळा धरली. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना त्याने मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. त्या कायद्याचा तिला आधार झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु कायद्याचा हात चौदाव्या वर्षी सुटतो. नववी-दहावी तिने स्वतःच्या हिमतीवर काढली. २०२२ साली आम्ही दोघी दहावी उत्तीर्ण झालो. तिला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त होते. त्या वर्षी तिच्या थोरल्या भावाला तोडीसाठी जोडीदार नव्हता. बहीण-भाऊ मिळून एक कोयता पुरा झाला आणि तिची शाळा संपली. मी मात्र तालुक्याच्या गाडीने ये-जा करून बारावी केली.

२०२४ च्या जुलैत माझा बी.ए.ला प्रवेश झाला. निघण्याच्या आदल्या दिवशी मामाकडे जेवायला जाण्याचा बेत घरात ठरला होता. मी आईला सांगितले, "मी आज तिच्यासंगं खुरपायला जाते." आई म्हणाली, "येडी का काय तू? उद्या कालेजात जायचं अन् आज रोजानं?" पण तिने भाकरी मात्र दोघींपुरत्या बांधून दिल्या.

सोयाबीनची खुरपणी होती. आम्ही आठजणी होतो. प्रत्येकीने आपापली पात धरली. भुरभुर पाऊस येत-जात होता, माती खुरप्याला चिकटत होती. तासाभरात माझी पात मागे पडू लागली. तेव्हा काही न बोलता तिने शेजारून माझी एक ओळ आपल्या पातीत घेतली आणि बोलत बोलत काम चालू ठेवले.

"तुला तिथं काय शिकवणार?" तिने विचारले.

"मराठी, इतिहास, अर्थशास्त्र."

"अर्थशास्त्र म्हंजी काय असतंय?"

मी सांगितले, पैसा, काम, बाजार यांचे शास्त्र. ती थोडा वेळ गवत काढीत राहिली आणि म्हणाली, "मग त्याच्यात आमची उचल असंल की."

"बघून सांगते," एवढेच मी म्हणाले.

दुपारी बांधावर भाकरी खाताना तिने मला जे सांगितले ते मी कोणत्याही तासाला ऐकले नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली होती. वर्तमानपत्रात ती बातमी आम्ही सर्वांनी वाचली. तिने त्या बातमीची दुसरी बाजू मांडली. दर वाढला तसा उचलीचा आकडाही वाढला. ती आणि तिचा भाऊ दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात. एक दिवस काम चुकले तर 'खाडा' धरला जातो आणि त्याचे पैसे अंगावर पडतात. ताप आला तरी खाडा तो खाडाच. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षी कोणत्या मुकादमाकडे जायचे हे मग माणूस ठरवीत नाही, बाकी ठरवते. हे सर्व ती भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगत होती, आणि एकाही आकड्याला अडखळत नव्हती.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिने ट्रंकेतून एक दोनशे पानी वही काढली. त्यात मागच्या दोन हंगामांचा सबंध टोळीचा हिशेब होता. तारीख, खेप, टन, खाडे, आठवड्याची खर्ची. सगळे रकाने पट्टीने आखलेले. मुकादमाच्या वहीशी टोळीतली माणसे आता तिची वही ताडून पाहतात. 'पोरीचं शिक्षण वाया गेलं' असे गावात तिच्याबद्दल बोलले जाते. ती वही पाहिल्यावर ते वाक्य खोटे आहे हे कळायला दुसरा पुरावा लागत नाही. आणि त्याच वहीच्या शेवटच्या पानावर तिने बारावी कला शाखेचे विषय लिहून ठेवले होते. कोणाला न सांगता.

इथे आल्यावर तिचा प्रश्न माझ्या डोक्यात होताच. सहकारावरचे प्रकरण आम्हाला शिकवले गेले. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी त्यासाठी केलेले कष्ट वाचताना अभिमान वाटतो. १९७२ चा दुष्काळ, त्यातून वाढलेली रोजगार हमी योजना, तिचा १९७७ चा कायदा, हेही आम्ही शिकलो. शेतकरी सभासद, संचालक मंडळ, गाळप, उतारा, सगळे त्या पानांवर होते. ऊस फडातून गव्हाणीपर्यंत येतो कसा, तो तोडतो कोण, कोणत्या अटीवर तोडतो, याला मात्र फार थोड्या ओळी होत्या. 'उचल' हा शब्द मला ग्रंथालयात शोधावा लागला. तिचा प्रश्न बरोबर नसता तर मी तो शोधलाच नसता. माझ्या मते त्या एका दिवसाची खरी किंमत ही आहे. पुस्तक वाचायला बसण्याआधी कोणता प्रश्न घेऊन बसायचे, हे मला त्या दिवशी कळले.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हा त्यांचा मुद्दा होता. तो मुद्दा आपल्याला परीक्षेत विचारला जातो, आपण पाच गुणांसाठी तो लिहितो, आणि त्यात आपणही कोठेतरी बसतो हे ध्यानात घेत नाही. कारण आपणही गरिबाघरचेच, आपल्याकडे कोणाचे देणे असणार, असे आपल्याला वाटते. परंतु ज्या तिजोरीतून आपल्या महाविद्यालयाला अनुदान मिळते, आपल्याला शिष्यवृत्ती मिळते, त्या तिजोरीत साखरेवरचा कर आहे. आणि त्या साखरेच्या पोत्यात माझ्या मैत्रिणीने डोक्यावर वाहिलेली मोळी आहे. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याचे पहिले देणेकरी सरकार किंवा समाज असे दूरचे नसतात. ते बाकावर शेजारी बसलेले असतात.

म्हणूनच 'गुणवंतांचा सत्कार' या प्रकाराबद्दल मला संकोच वाटतो. सत्कार करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण आमच्या वर्गात अकरा गुण अधिक मिळवणारी मुलगी त्या मंडपाबाहेरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन जात असेल, तर गुण कोणाचे आणि सत्कार कशाचा, हे एकदा स्वतःला विचारावे लागते.

आता या मतावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करू.

वडीलधारी मंडळी म्हणतात की, असा दिवस घालवला तर मन मागे ओढते. जाणाऱ्याने मागे पाहू नये. माझा अनुभव उलट आहे. वसतिगृहातल्या पहिल्या महिन्यात ज्या मुली रात्री रडल्या, त्या घरच्या जेवणासाठी आणि आईसाठी रडल्या. आठवण मलाही आली. पण माझ्याजवळ एक काम होते, एक प्रश्न होता. काम बरोबर असले की मन तितकेसे पोरके होत नाही.

दुसरे म्हणतात, आता मोबाइल आहे. रोज बोलता येते, मग एका दिवसाचे एवढे काय? मोबाइलने खुशाली कळते, हे खरे. परंतु 'कशी आहेस', 'बरी आहे' यापलीकडे बोलणे जायला दोघींच्या मध्ये काहीतरी सामाईक असावे लागते. कोपीवर रात्री नऊला थकून आलेल्या मुलीशी मी काय बोलावे? पण मला तिची वही माहीत आहे. 'आज किती टन?', 'खाडा कोणाचा पडला?' असे मी विचारू शकते, आणि मग ती बोलते.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. मागे राहिलेल्या मैत्रिणीपुढे आपण शिकायला निघालो म्हणून मिरवणे, ही तिच्या जखमेवर मीठ चोळण्यासारखी गोष्ट नव्हे काय? मिरवले तर खासच. म्हणूनच मी म्हणते की दिवस तिच्या कामात घालवावा, हॉटेलात किंवा फोटो काढण्यात नव्हे. तिच्या शेतात ती जाणती असते आणि आपण शिकाऊ असतो. त्या दिवशी माझी ओळ तिने ओढली. मी तिची ओढली नाही. उद्यापासून सगळे गाव ज्याला शहाणे म्हणणार आहे, त्याने आदल्या दिवशी दुसऱ्याच्या हाताखाली आठ तास काम करावे, हे दोघांच्याही तब्येतीला चांगले.

आणि या दिवशी काय करू नये, तेही सांगून टाकते. जुनी पुस्तके आणि जुने कपडे देऊन मोकळे होऊ नये. 'तूही शीक' असा उपदेश करू नये. तिला शिकायचे नव्हते असे कोणी सांगितले? 'मी मोठी झाले की तुला बाहेर काढीन' असे मोठे वचन तर कधीच देऊ नये. त्याऐवजी तिचे एखादे लहान, होण्यासारखे काम मागून घ्यावे.

मी असे एक काम घेतले. वहीच्या शेवटच्या पानावरून बोलणे निघाले तेव्हा तिने १७ नंबरच्या फॉर्मबद्दल विचारले. दहावीनंतर शाळा सुटलेल्यांना हा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसता येते, हे तिला कोणाकडून तरी कळले होते. पुढची चौकशी करायला कोणाला विचारावे, हे मात्र कळत नव्हते. मी इथे येऊन चौकशी केली. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, गुणपत्रिका लागते, फॉर्म भरण्याची मुदत असते. हे सारे मी तिला कळवले आणि गावी गेले तेव्हा शाळेतून दाखला काढून दिला. २०२५ मध्ये तिने फॉर्म भरला.

परंतु वाचकांनी लगेच आनंद मानू नये. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि तेव्हा उसाचा हंगाम भरात असतो. पेपरचे सहा दिवस आणि येण्या-जाण्याचे दिवस, एवढे खाडे तिच्या भावाच्या अंगावर पडणार. मुकादम सोडतो की नाही, त्या वेळी टोळी कोणत्या रानात असेल, काही ठरलेले नाही. शिवाय घरात तिच्या लग्नाची बोलणी आहेत. आमच्या भागात लग्न म्हणजे कोयता पुरा होणे, असाच पुष्कळांचा विचार असतो. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असेल. ती बसली असेल किंवा नसेल.

एका दिवसाने ऊसतोडीची परिस्थिती बदलत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी शासनाने आणि समाजाने करण्याची कामे वेगळी आहेत, आणि काही सुरूही झाली आहेत. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. ती आमच्या वेळी पाच-सहा वर्षे आधी असती तर कदाचित ही मुलगी आज माझ्या शेजारी बसली असती. पण योजना आल्या तरी त्यांची माहिती फडापर्यंत नेणारे कोणी लागते. ते काम आपल्याइतके सोपे दुसऱ्या कोणाला नाही, कारण आपण दोन्ही ठिकाणची भाषा जाणतो. मात्र त्यासाठी संबंध जिवंत राहिला पाहिजे, आणि तो जाण्याच्या आदल्या दिवशीच्या पाच मिनिटांवर राहत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांतली मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत आणि शिकत. 'कमवा व शिका' या योजनेतून आपल्यातले काहीजण आजही इथे बागेत, ग्रंथालयात काम करतात. श्रम आणि शिक्षण यांची ताटातूट होऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. आपण मात्र गाव सोडतानाच ती ताटातूट करून निघतो. खुरपे कोपऱ्यात ठेवायचे, हात धुवायचे आणि शहाणे व्हायला निघायचे, अशी आपली समजूत असते.

आमच्या प्राध्यापकांना माझी एक नम्र विनंती आहे. प्रथम वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला 'माझा आवडता लेखक' किंवा 'माझे ध्येय' यावर निबंध लिहायला सांगतात. त्याऐवजी एकदा 'माझ्याबरोबर दहावी झालेला, पण इथे न आलेला मित्र' हा विषय द्यावा. तो कोठे आहे, काय काम करतो, त्याला रोज किती मिळतो, आणि त्याने आपल्याला कोणता प्रश्न विचारला, एवढेच लिहायचे. त्या निबंधांतून अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांना चालू वर्षाची कितीतरी माहिती मिळेल, आणि मराठीला शब्द मिळतील.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्या धाकट्या भावंडांपैकी कोणी येत्या जूनमध्ये घर सोडणार असेल, तर त्याला एवढे सांगा. झेरॉक्स आठवडाभर आधी काढून ठेव. मामाकडे परवा जाऊन ये. शेवटचा दिवस मोकळा ठेव, आणि सकाळी भाकरी बांधून मित्राच्या दारात जा. तो ज्या कामाला निघाला असेल त्या कामाला जा. सत्काराला पुढे पुष्कळ वेळ मिळेल.